पास्त्यासाठी घरचा मीट सॉस: कान देऊन करायचा पदार्थ

पहिल्यांदा मी पास्त्यासाठी मीट सॉस केला, तेव्हा थोरल्या मुलीनं काट्यानं ताट उकरून विचारलं, "बाबा, यात मटण कुठंय?" होतं की. चांगलं अर्धा किलो होतं. पण मी त्यावर किलोभर टोमॅटो ओतले होते, त्यामुळे खिमा नुसता तळाशी राखाडी होऊन बसला होता आणि चव होती ती फक्त आंबट. त्यानंतर कितीतरी शनिवार या एका सॉसपायी गेले. आता जमतो.

माझी चूक साधी होती. टोमॅटोच्या सॉसमध्ये खिमा टाकला की मीट सॉस होतो, असं मला वाटायचं. पण हा सॉस मुळात खिम्याचा. टोमॅटो नुसता हजेरी लावायला येतो. इटलीतल्या बोलोन्या शहरात याला रागू म्हणतात. १९८२ साली इटालियन पाककला अकादमीनं तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये त्याची कृती रीतसर नोंदवली आणि २०२३ मध्ये ती सुधारली. सुधारित कृतीत ४०० ग्रॅम गोमांसाचा खिमा, १५० ग्रॅम ताजा पँचेटा म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, आणि टोमॅटोची प्युरी किती? २०० ग्रॅम. लसूण तर नाहीच. हे वाचल्यावर मला माझ्या किलोभर टोमॅटोंची लाज वाटली.

मी मटणाचा खिमा घेतो. इटलीतच आब्रुत्सो भागात कोकराच्या मांसाचा रागू करतात, तेव्हा अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पाच जणांसाठी ५०० ग्रॅम खिमा पुरतो. तो जाडसर दळलेला हवा आणि पाचातला एक भाग तरी चरबी हवी. अगदी चरबी काढलेला खिमा घेतलात तर तीन तासांनी भांड्यात भुसा सापडेल. बाकी एक मध्यम कांदा, तेवढंच गाजर, सेलेरीची एक दांडी, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अर्धा कप वाइन (लाल किंवा पांढरी, पण गोड नको), २०० ग्रॅम टोमॅटो प्युरी, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, अर्धा कप दूध, दोनेक कप बिनमिठाचा स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) किंवा नुसतं गरम पाणी, एक तमालपत्र, मिरपूड, चिमूटभर जायफळ.

आधी कांदा, गाजर, सेलेरी तांदळाच्या दाण्याएवढी बारीक चिरा. मिक्सर नको. त्यात भाज्यांना पाणी सुटून लगदा होतो आणि तो परतला जात नाही, उकडतो. मंद आचेवर तेलात १५ मिनिटं परता. रंग येऊ द्यायचा नाही, कांदा नुसता काचेसारखा व्हायला हवा आणि गाजराचा कच्चा वास जायला हवा. आमच्या घरात माझ्याखेरीज कोणालाच सेलेरी आवडत नाही. मी ती इतकी बारीक चिरतो की शोधूनही सापडत नाही, आणि त्यावर मी बोलतही नाही. भाज्या झाल्या की ताटलीत काढून ठेवा.

आता खिमा. सगळी मेख इथंच आहे.

बिनचरबीच्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. खिमा तापला की ते सुटतं, आणि ते भांड्यात आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अडकून राहतं. मांसाचा पृष्ठभाग खरपूस व्हायला मात्र साधारण १४० अंश लागतात. म्हणजे पाण्यात डुंबणारा खिमा शिजेल, पण भाजला जाणार नाही. माझा राखाडी खिमा हा असा झाला होता. म्हणून खिमा कागदानं टिपून कोरडा करा, जाड बुडाचं रुंद भांडं चांगलं तापवा, आणि खिमा दोन वेळा करून घाला. सगळा एकदम ओतलात तर भांडं थंड पडतं आणि पाण्याचं डबकं होतं. मीठही आत्ता घालू नका.

यापुढे डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. खिमा पडताच जोरात चर्र होतं. मिनिटभरात तो आवाज बसतो आणि ओली, दबकी खदखद सुरू होते. ती पाण्याची. इथं बहुतेकांचा धीर सुटतो, कारण खिमा शिजल्यासारखा दिसतो. थांबा. उलथण्यानं ढेकळं फोडा आणि आच मोठीच ठेवा. पाच-सात मिनिटांत वाफ कमी होते, खदखद विरते आणि कोरडी, बारीक तडतड ऐकू यायला लागते. पाणी संपलं, आता चरबी बोलते आहे. इथून तीन-चार मिनिटं हात लावू नका. मग एका कोपऱ्यातून उलटून पाहा: खालची बाजू गडद तपकिरी आणि तळाला त्याच रंगाचा चिकट थर धरलेला दिसेल. तो थर म्हणजे सॉसचा जीव. नॉनस्टिक भांड्यात तो नीट धरत नाही, म्हणून या कामाला मी स्टीलचं भांडं काढतो.

दुसरा घाणाही असाच भाजून घ्या, मग सगळा खिमा आणि भाज्या एकत्र करून वाइन ओता. फस्सकन वाफ येईल. तेवढ्यात लाकडी उलथण्यानं तळ खरवडून तो थर सोडवून घ्या. वाइनचा नाकात जाणारा वास गेला की पेस्ट घालून दोन मिनिटं परता. वाइन नको असेल तर स्टॉक वापरा आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घाला. चव थोडी वेगळी येते, वाईट नाही.

मग प्युरी, तमालपत्र, मीठ, मिरपूड आणि कपभर गरम स्टॉक. उकळी आली की आच इतकी कमी करा की दोन-तीन सेकंदांनी एखादाच बुडबुडा फुटेल. झाकण अर्धवट. असा अडीच ते तीन तास ठेवायचा. मांसातल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं हळूहळू मऊ, चिकट जिलेटिन होतं, त्यातूनच सॉसला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. अर्ध्या वेळानंतर दूध थोडं थोडं घाला, आंबटपणाची धार मरते. आटत आलं की स्टॉक. एकदा मी फोनवर बोलत बसलो आणि तळ लागला. अशा वेळी खरवडायचं नाही, वरचा सॉस अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचा. तळातून उलथणं ओढल्यावर पडलेली वाट सावकाश मिटली आणि कडेनं केशरी तेल सुटलं, की झाला. आता जायफळ.

पास्ता कोणता? बोलोन्यात स्पॅगेटी नाही, टॅल्याटेले ही अंड्याची चपटी पट्टी घेतात. तिची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर असावी, हेही त्यांनी १९७२ मध्ये नोंदवून ठेवलंय! घरी जो पास्ता असेल तो चालेल, पण रुंद किंवा खाचांचा घ्या. गुळगुळीत, बारीक शेवयांवरून खिमा घसरून ताटाच्या तळाशी जातो. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मीठ घाला. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी पास्ता काढून थेट सॉसच्या भांड्यात टाका, त्याच पाण्याचा अर्धा डाव घाला आणि मोठ्या आचेवर मिनिटभर हलवा. पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि सॉस एकजीव होऊन पास्त्याला धरतात. पास्त्याच्या ढिगावर वरून सॉसचा डोंगर ओतू नका.

उरलेला सॉस उथळ भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो. म्हणून मी नेहमी दुप्पट करतो आणि अर्धा फ्रीझरमध्ये टाकतो, तिथं तो तीनेक महिने चांगला राहतो. खायच्या आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा आणि गरम करताना दोन चमचे पाणी घालून एक सणसणीत उकळी येऊ द्या.