धर्मगुरू बोलले म्हणजे मंडळी बोलली का? पडताळायची रीत

'ख्रिस्ती समाजाचा विरोध' असा मथळा येतो. खाली वाचावं तर विरोध एका बिशपांनी, एका दूरचित्रवाणीवरच्या प्रचारकाने किंवा एखाद्या महासंघाच्या अध्यक्षाने केलेला असतो. जगात ख्रिस्ती लोक सुमारे २३० कोटी आहेत आणि त्या सगळ्यांनी मिळून नेमलेला प्रवक्ता कोणीच नाही. मग नेत्याच्या शब्दामागे रविवारी बाकावर बसणारे लोक किती आहेत, हे कसं तपासायचं?

आधी वाक्य सुटं करा

नेत्याचं मूळ विधान शोधा, बातमीतला सारांश नव्हे. मग ते तीनपैकी कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. 'मंडळीची (म्हणजे चर्च या संस्थेची) शिकवण अशी आहे', 'आमच्या लोकांना असं वाटतं' आणि 'लोकांनी असं वागावं'. पहिलं कागदपत्रांवरून तपासता येतं. दुसरं माणसं मोजूनच कळतं. तिसरं उपदेश आहे, त्याला प्रतिनिधित्वाची कसोटी लावायचीच नसते. बहुतेक वाद होतात ते नेता पहिलं बोललेला असतो आणि ऐकणारा दुसरं ऐकतो म्हणून.

मग विचारा: हा माणूस या जागी आला कसा?

इथे घाई करू नका, कारण उत्तराचा मोठा भाग इथेच असतो.

रोमन कॅथलिक बिशपांना पोप नेमतात आणि पोपना ८० वर्षांखालचे कार्डिनल (पोपनीच नेमलेले वरिष्ठ धर्मगुरू) दोन तृतीयांश मतांनी निवडतात. २०२५ च्या निवडीत १३३ कार्डिनल होते. त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त युरोपचे, आणि जगातल्या कॅथलिकांपैकी युरोपात राहतात ते जेमतेम पाचवा हिस्सा. या साखळीत धर्मग्रामातल्या (एका स्थानिक चर्चच्या हद्दीतल्या) प्रापंचिकांचं, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांचं, मत कुठेही नाही. ही लपवलेली गोष्टही नाही. बिशप लोकांचा आमदार नसतो, प्रेषितांकडून (येशूच्या पहिल्या शिष्यांकडून) आलेल्या शिकवणीचा राखणदार असतो, अशीच त्या मंडळीची धारणा आहे. म्हणून 'बिशपांना कोणी निवडून दिलं?' हा टोमणा फुकट जातो. पण 'कॅथलिकांना असं वाटतं' हे बिशपांच्या तोंडचं वाक्य पुराव्याशिवाय घ्यायचं नाही, तेही याच कारणाने.

प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकांबरोबर (धर्मगुरूंबरोबर) मंडळीने निवडलेले 'वडील' (एल्डर) म्हणजे ज्येष्ठ सभासदही सभेत बसतात, वरच्या सभांत बहुधा समसमान संख्येने. तिथल्या ठरावामागे मतांची खरी साखळी असते. बाप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट अधिवेशनात मंडळ्यांनी पाठवलेले लोक मतदान करतात, पण तिथले ठराव कोणत्याही मंडळीवर बंधनकारक नसतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (मुख्य धर्मगुरू) 'समानांत पहिले'. मान मोठा, पण दुसऱ्या स्वतंत्र मंडळीवर हुकूम नाही.

स्वतः स्थापन केलेल्या संस्थेचा प्रचारक हा सर्वांत निसरडा प्रकार. त्याला कोणी निवडलेलं नसतं आणि कोणी नेमलेलंही नसतं. त्याच्याकडे असतात श्रोते आणि देणगीदार. श्रोते ऐकतात याचा अर्थ प्रत्येक मुद्द्यावर सहमत असतात असा नव्हे. चांगल्या गायनासाठी येणारेही असतात.

जागतिक संस्थांचे आकडेही उलगडून पाहा. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस ही १९४८ ची संस्था सुमारे ३५० मंडळ्यांची आणि ५० कोटींहून जास्त लोकांची असल्याचं सांगते. सभासद मात्र मंडळ्या असतात, माणसं नव्हेत, आणि रोमन कॅथलिक मंडळी त्यात नाही.

मतदान झालं असेल तर आकडे उकला

सभागृहात मतदान झालं म्हणजे लोकांचं मत कळलं, असं समजू नका. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासिनडमध्ये (सर्वोच्च प्रतिनिधी सभेत) तीन गट असतात: बिशप, पाळकवर्ग आणि प्रापंचिक. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्त्रियांना बिशप करण्याचा प्रस्ताव आला. तिन्ही गटांत दोन तृतीयांश मतं हवी होती. बिशपांत ४४ विरुद्ध ३, पाळकांत १४८ विरुद्ध ४५, आणि प्रापंचिकांत १३२ विरुद्ध ७४. प्रापंचिकांची एकूण मतं २०६, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे १३८. सहा मतांनी प्रस्ताव पडला.

वरवर पाहिलं तर पुढारी पुढे गेले आणि सामान्य भाविकांनी त्यांना अडवलं. पण त्याआधी ४४ पैकी ४२ धर्मप्रांतांच्या (एकेका बिशपच्या अधिकारक्षेत्रांच्या) सिनडांनी प्रस्तावाला मान्यता दिली होती. मग महासिनडातले प्रापंचिक वेगळे का निघाले? कारण त्यांना सगळे भाविक थेट निवडत नसत. धर्मग्राम आपले लोक खालच्या सिनडवर पाठवतात आणि ते लोक मतदान करत. ज्याला सभेला बसायची चिकाटी आहे आणि ठाम मत आहे तोच या चाळणीतून वर जातो. 'प्रापंचिक' ही पाटी लावलेला गटही भाविकांचा नमुना असेलच असं नाही, एवढं इथून घ्या.

आता माणसं मोजा

सर्वेक्षण घेताना चार जागा तपासा.

नमुना: १,००० लोकांच्या यादृच्छिक नमुन्यात चूक साधारण ३ टक्के अधिक-उणे. पण त्यात कॅथलिक २०० च असतील तर त्यांच्याबद्दलची चूक ७ टक्क्यांवर जाते, आणि १०० असतील तर १० वर. सोपा हिशेब: १ भागिले नमुन्याचं वर्गमूळ. पोटगटाचा आकार छापलेला नसेल तर तो आकडा वापरू नका.

ख्रिस्ती कोणाला धरलं: स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा, बाप्तिस्मा झालेला, की दर आठवड्याला उपासनेला जाणारा? कॅथलिक मंडळी तान्ह्या मुलांचाही बाप्तिस्मा मोजते, बाप्टिस्ट मंडळ्या समजत्या वयात विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच. सदर्न बाप्टिस्टांची २०२३ ची सभासदसंख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती, आठवड्याची उपस्थिती सुमारे ४० लाख. नेता यातल्या कोणत्या आकड्याच्या जोरावर बोलतो ते पाहा. (बहुधा मोठ्या.)

उपस्थिती: नियमित जाणारे आणि क्वचित जाणारे यांची उत्तरं वेगळी मांडलेली हवीत, कारण नियमित येणाऱ्यांचं मत बहुधा नेत्याच्या जवळ असतं. मात्र लोक स्वतःची हजेरी फुगवून सांगतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात संशोधकांनी प्रत्यक्ष डोकी मोजली, तेव्हा खरी उपस्थिती सांगितलेल्याच्या जवळपास निम्मी भरली.

प्रश्नाचे शब्द: 'हे नैतिकदृष्ट्या मान्य आहे का?' आणि 'मंडळीने शिकवण बदलावी का?' हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्याला हो म्हणणारा दुसऱ्याला नाही म्हणू शकतो.

तुलना मुद्द्यागणिक

'हा नेता लोकांचा आहे की नाही' असा एकगठ्ठा निकाल देऊ नका. एकच नेता एका प्रश्नावर लोकांबरोबर असतो आणि दुसऱ्यावर एकटा.

१९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्धच ठेवलं. त्यासाठी नेमलेल्या आयोगातलं बहुमत बदलाच्या बाजूचं होतं. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या २०१२ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ८२ टक्के कॅथलिकांनी संततिनियमन नैतिकदृष्ट्या मान्य असल्याचं सांगितलं. इथे शिकवण आणि लोक यांच्यात उघड दरी आहे. पण हेच लोक पोपना आपला धर्मप्रमुख मानतात. दुसरीकडे, २००३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी इराक युद्धाला विरोध केला, तर सुरुवातीला अमेरिकेतल्या बहुसंख्य कॅथलिकांचा पाठिंबा युद्धालाच होता. म्हणजे पुढारी नेहमी 'जास्त कडवे' आणि लोक नेहमी 'जास्त सैल' हा ठोकताळा चालत नाही. २०१६ मध्ये सदर्न बाप्टिस्टांच्या सार्वजनिक धोरण विभागाचे प्रमुख रसेल मूर ट्रम्प यांच्या विरोधात उघड बोलत होते, आणि मतदानोत्तर चाचणीत दहापैकी आठ गोऱ्या इव्हँजेलिकलांनी (सदर्न बाप्टिस्टही ज्यात येतात त्या प्रोटेस्टंट प्रवाहाच्या लोकांनी) ट्रम्पना मत दिल्याचं दिसलं.

एक सापळा शेवटपर्यंत टाळायचा. 'प्रतिनिधी नाही' म्हणजे 'चुकीचा' नव्हे. १९३४ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या बार्मेन इथे जमून नाझी राजवटीच्या मंडळीवरच्या कब्ज्याला नकार देणारे जर्मन प्रोटेस्टंट अल्पसंख्यच होते. याची उलट बाजूही इतिहासात आहे. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या जवळजवळ सगळ्या हजर बिशपांनी रोमच्या कॅथलिक मंडळीशी एकीवर सह्या केल्या, इफिससचे बिशप मार्क यांनी केली नाही. बिशप परतले तेव्हा भिक्षूंनी आणि सामान्य लोकांनी ती एकी मानलीच नाही, आणि ती टिकली नाही.

निष्कर्ष कसा लिहायचा

एका वाक्यात पाच गोष्टी बसवा: कोण, कोणत्या अधिकाराने, कोणत्या मुद्द्यावर, कोणत्या लोकांच्या तुलनेत, कोणत्या वर्षी. उदाहरणार्थ: 'पोपनी नेमलेल्या बिशपांची संततिनियमनावरची भूमिका मंडळीच्या अधिकृत शिकवणीशी जुळते, पण २०१२ च्या पाहणीतल्या अमेरिकी कॅथलिकांच्या बहुमताशी जुळत नाही.' सर्वेक्षण सापडलंच नाही तर तुलनेच्या जागी 'मोजमाप उपलब्ध नाही' असं लिहा, अंदाज भरू नका.

वर्ष का लिहायचं, ते वरच्याच सिनडवरून कळेल. जुलै २०१४ मध्ये स्त्री बिशपांचा प्रस्ताव पुन्हा आला. निवडणूक मध्ये झालेलीच नव्हती, सभागृह २०१० मध्ये निवडलेलंच होतं. या वेळी प्रापंचिकांत १५२ विरुद्ध ४५. बदलला होता तो मुख्यतः मसुदा: विरोधकांसाठीच्या तरतुदी नव्याने लिहिल्या होत्या. २०१२ मध्ये 'नाही' म्हणणाऱ्यांतले काही जण स्त्री बिशपांच्या बाजूचेच होते, त्यांना फक्त त्या तरतुदी तोकड्या वाटल्या होत्या. म्हणून मताचा आकडा उचलताना ज्या मजकुरावर मतदान झालं तोही सोबत वाचा.