स्टॉक विरल करताना अंतिम संहती कशी काढावी

सी१ × व्ही१ = सी२ × व्ही२ हे सूत्र (सी म्हणजे संहती, म्हणजेच द्रावणातील पदार्थाचे प्रमाण, आणि व्ही म्हणजे आकारमान; १ विरल करण्यापूर्वीचे, २ नंतरचे) बहुतेकांना पाठ असते; हिशेब चुकतो तो व्ही२ च्या जागी कोणता आकडा घालावा या प्रश्नापाशी. प्रयोग ज्या भांड्यात प्रत्यक्ष होणार आहे, त्यातील सर्व द्रवांचे एकूण आकारमान म्हणजे व्ही२, आणि त्यात घातलेला स्टॉकही (आधीच करून ठेवलेले तीव्र द्रावण) धरावा लागतो.

समजा, ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये पेशींचे ९० मायक्रोलिटर मिश्रण आहे, त्यावर औषधाचे १० मायक्रोलिटर द्रावण घालायचे आहे आणि औषधाची अंतिम संहती ५ मायक्रोमोलर हवी आहे. एकूण आकारमान १०० मायक्रोलिटर होत असल्यामुळे घातलेले द्रावण दहापट विरल होईल. म्हणून ते मुळात ५० मायक्रोमोलरचे करून ठेवावे लागते. परळच्या एका प्रयोगशाळेत उमेदवारी करताना मी ते सरळ ५ मायक्रोमोलरचे केले होते. पेशींना प्रत्यक्षात ०.५ मायक्रोमोलर औषध मिळाले आणि दोन दिवस मी औषधालाच दोष देत बसलो.

आता स्टॉक डीएमएसओ या द्रावकामधील १० मिलिमोलरचा असेल, तर आधी एकके सारखी करावीत: १० मिलिमोलर म्हणजे १०,००० मायक्रोमोलर. त्याला ५० ने भागले की २०० येतात, म्हणजे स्टॉक २०० पट विरल करायचा; म्हणून ५ मायक्रोलिटर स्टॉकमध्ये ९९५ मायक्रोलिटर माध्यम (पेशी वाढवण्याचे पोषक द्रव) मिसळावे. या द्रावणात डीएमएसओ ०.५ टक्के असतो आणि वेलमध्ये ०.०५ टक्के उरतो. कंट्रोलच्या (तुलनेसाठी औषध न घातलेल्या) वेलमध्येही तेवढाच डीएमएसओ घालावा, नुसते माध्यम नव्हे.

‘एकास दहा’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरावा. कोणी १ मिलिलिटरमध्ये ९ मिलिलिटर पाणी घालतो, कोणी १०. पहिल्यात संहती दहावा भाग होते, दुसऱ्यात अकरावा. वहीत ‘दहापट विरल’ असे लिहून दोन्ही आकारमाने नोंदवलेली बरी.

डीएमएसओ सुमारे १८.५ अंश सेल्सिअसला गोठतो. मुंबईच्या हवेत हे कोणाच्या ध्यानात येत नाही, परंतु एसी १८ वर ठेवलेल्या खोलीत फ्रीझरमधून काढलेली कुपी अर्धवट गोठलेलीच राहू शकते आणि तशा कुपीतून पिपेटने उचललेल्या ५ मायक्रोलिटरमध्ये औषध किती आले, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. कुपी पूर्ण वितळू द्यावी, व्हॉर्टेक्स करावी (यंत्रावर जोरात हलवून मिसळावी), मगच उघडावी. आणि डीएमएसओ हवेतील ओलावा शोषून घेत असल्यामुळे पावसाळ्यात झाकण लगेच लावावे.