कुत्र्यामांजरांना अँटिबायोटिक: कुठलं, कधी, आणि कधी अजिबात नको

जून लागला की आमच्या फोंड्याकडे खाजवणारी कुत्री सुरू होतात, हवा दमट, केस वाळत नाहीत, जांघेत नि पोटाखाली लाल पुळ्या, आणि बरेच लोक येण्याआधीच फार्मसीतून माणसांची सेफिक्झिम आणून दोन दिवस देऊन बंद केलेली असते. ते औषध २०१४पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय मिळूच नये, आणि कुत्र्याच्या पुळ्यांवर त्याचं कामही नाही. प्राण्यांची डॉक्टर म्हणून सांगते, औषध कुठलं हा प्रश्न नंतरचा, आधी तिथे बॅक्टेरिया आहेत का ते बघा.

कातडीचं घ्या. पुळीवर काचपट्टी हलकेच दाबायची, वाळवून रंग देऊन (स्टेन करून) तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली धरायची, पाच-दहा मिनिटांचं काम आहे, तुमच्या डॉक्टरांना हक्काने करायला सांगा. पांढऱ्या पेशींच्या पोटात गोल जांभळे ठिपके दिसले तर बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस हे बॅक्टेरिया. भुईमुगाच्या शेंगेसारखे आकार दिसले तर ती मॅलॅसेझिया, म्हणजे यीस्ट, तिला कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही. आणि बॅक्टेरिया निघाले, पुळ्या वरवरच्या असल्या, तरी सुरुवात गोळीने नाही तर क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने, २ ते ४ टक्क्यांचा, आठवड्यातून दोन-तीनदा, फेस अंगावर पूर्ण १० मिनिटं राहू द्यायचा, मोबाईलवर टायमर लावा कारण ओल्या कुत्र्याला धरलं की दोन मिनिटंच दहा वाटतात, नंतर पंख्याखाली नीट वाळवायचं. खूप पसरलंय किंवा खोल गेलंय तर सेफॅलेक्सिन, किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा क्लिंडामायसिन, पण वजन करून आणि डॉक्टरांनी ठरवल्यावरच. परत परत होत असेल तर गोळी बदलत बसू नका, कल्चर करा, म्हणजे नमुन्यातले बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवून बघा, आणि मूळ शोधा: पिसवा, ॲलर्जी, डेमोडेक्स (कातडीतला बारीक किडा).

कानाचंही तसंच, काचपट्टी बघून थेंब, आणि थेंब घालायच्या आधी पडदा शाबूत आहे का ते तपासून घ्या कारण फाटलेल्या पडद्यातून काही औषधं आत गेली तर ऐकू येणं जाऊ शकतं.

लघवीत सगळ्यात जास्त गफलत होते. तरुण मांजर थेंब थेंब करतं, रक्त दिसतं, तरी बहुतेकदा त्यात बॅक्टेरिया नसतातच, ते ताणामुळे किंवा खड्यांमुळे असतं. बोका ट्रेमध्ये जोर काढतोय आणि काहीच येत नाहीये तर सकाळची वाट बघू नका, ज्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा असेल तिथे लगेच न्या, नळी बंद झाली की जीव जातो. कुत्रीला साधा सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाची सूज, असेल तर पोटातून सुईने लघवी काढून कल्चर, आणि साधी अमॉक्सिसिलिन ३ ते ५ दिवस पुरते. रिपोर्टात बॅक्टेरिया आहेत पण कुत्रीला काहीच त्रास नाही? मग औषध नको.

साधे जुलाब, कुत्रा खेळतोय, खातोय: मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक नको, पाणी आणि हलकं जेवण. पार्व्हो या व्हायरसने आजारी पडलेलं पिल्लू वेगळं, ते लगेच सलाईनवर जायला हवं आणि तिथे अँटिबायोटिक खरंच लागतं. मांजराची सर्दी बहुतेक व्हायरसची. नाकातून हिरवट-पिवळं घट्ट येतंय, ताप आहे, खाणं सोडलंय, तेव्हा डॉक्सिसायक्लिन, पण मांजराला ती गोळी कोरडी कधीही भरवू नका, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आवळून जाते, म्हणून गोळीमागून सिरिंजने ५-६ मिली पाणी हळूहळू पाजा. भांडणातला चावा पिकला तर आधी पू बाहेर काढायचा, औषध त्यानंतर.

गोचिडतापावर, म्हणजे एर्लिकियावर, डॉक्सीच, पण २८ दिवस. आठवड्यात कुत्रा उठून मासळी मागायला लागतो आणि लोक गोळ्या सोडतात, कृपा करून सोडू नका. मात्र बबेसिया, म्हणजे गोचिडांमुळेच होणारा रक्तातला परजीवी, असेल तर नुसत्या डॉक्सीने भागत नाही, म्हणून रक्ताची काचपट्टी हवीच. पावसात भाटात (बागायतीत), शेतात फिरणारा कुत्रा उलट्या करतोय, डोळे पिवळे दिसतायत तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, संशय धरा, त्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा, ते माणसालाही होतं.

एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक पहिल्या फटक्यात नको. वाढत्या पिल्लांच्या सांध्यांना त्रास होतो, आणि मांजराला दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर कायमचं आंधळेपण येऊ शकतं.

दवाखान्यात येताना आधी दिलेल्या औषधांची रिकामी पाकिटं आणा, कातडीचं दुखणं असेल तर त्या सकाळी आंघोळ घालू नका, आणि लघवीचा त्रास असेल तर येताना वाटेत खांबाखांबाशी थांबू देऊ नका, मूत्राशय भरलेलं असलं की सुईने लघवी काढायला सोपं जातं. बोका अडलाय असं वाटलं तर मात्र यातलं काहीच बघत बसू नका, उचला आणि निघा.