सोसायटीच्या ऑनलाइन सभेसाठी अ‍ॅप कसं निवडावं

"कुठलं अ‍ॅप घ्यायचं?" असं आमच्या कमिटीत विचारलं की जो तो आपल्या ऑफिसात चालतं त्याचं नाव सांगतो. दोघं टीम्स म्हणतात, शाळेत शिकवणाऱ्या बाई मीट म्हणतात, खजिनदार झूम म्हणतात. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना ते उघडता येईल का, हे कुणी विचारत नाही. मी काही वर्षं सेक्रेटरीपद सांभाळलंय, त्या अनुभवावरून सांगतो: सुरुवात अ‍ॅपपासून करूच नका, वहीपासून करा.

१. वहीत तीन रकाने आखा. फ्लॅट नंबर, कशावरून बसणार (फोन की लॅपटॉप) आणि कुठून बसणार. आमच्या ४४ फ्लॅटपैकी ३१ जण फोनवरून बसणारे निघाले. एवढ्या एका आकड्याने निम्मा प्रश्न सुटला. फोनवाले जास्त असतील तर ज्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तिच्यावर बोट ठेवलं आणि माणूस सभेत पोचला, तेच अ‍ॅप बरं.

अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल खातं बहुतेकांचं असतंच, त्यामुळे गूगल मीट सोपं जातं. झूमला येणाऱ्यांचं खातं लागत नाही, पण फोनवर अ‍ॅप मात्र आधीच टाकून ठेवावं लागतं. ऐन सभेच्या वेळी डाउनलोड करायला बसलेला मेंबर पहिला ठराव झाल्यावरच उगवतो. लॅपटॉपवाले जास्त असतील तर जित्सी मीट बघा. मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), ब्राउझरमध्येच चालतं, पाहुण्यांना खातं लागत नाही. सभा सुरू करणाऱ्याला मात्र लॉगिन करावं लागतं. एखाद्या आजोबांच्या फोनवर अजून स्काइप असेल तर काढून टाका, ते ५ मे २०२५ला बंद झालं.

२. मागच्या सभेला किती वेळ लागला ते आठवा. नोटिशीत लिहिलेला वेळ धरू नका, खरा लागलेला धरा. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटं मिळतात. मीटवर तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटं, टीम्सच्या मोफत खात्यावरही ६०. तिन्हीकडे माणसांची मर्यादा १००, म्हणजे मध्यम सोसायटीला पुरेशी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलमध्ये ३२ जण मावतात. सात-नऊ जणांच्या कमिटीला तेच पुरे, वेगळं काही शोधायची गरजच नाही.

सर्वसाधारण सभा मात्र तासात कधी संपलीय? पार्किंगचा विषय निघाला की अर्धा तास तिथेच जातो. वेळ संपल्यावर नव्याने मीटिंग सुरू करता येते हे खरं, पण गेलेल्यांपैकी पाच-सात जण परत येत नाहीत आणि कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) मोडतो. अशा वेळी सरळ पैसे भरा. सगळ्यांना काही विकत घ्यावं लागत नाही. सभा भरवणाऱ्या एका खात्याचं शुल्क भरलं की बाकीचे फुकट बसतात. महिन्याच्या बोलीवर घेऊन पुढच्या महिन्यात बंद करता येतं. आपोआप नूतनीकरण बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी ऑडिटर विचारतो.

३. खातं कुणाच्या नावावर? मला विचाराल तर अ‍ॅपपेक्षा हे जास्त महत्त्वाचं. एका वर्षी आमची लिंक एका मेंबरच्या मुलाच्या खात्यावरून काढली होती. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. सभेच्या दिवशी तो विमानात, आणि आम्ही सगळे "होस्टची (म्हणजे सभा भरवणाऱ्याची) वाट पाहा" हे वाक्य वाचत बसलो. तेव्हापासून सोसायटीच्या नावाचा वेगळा ईमेल आहे. पासवर्ड चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांकडे, कमिटी बदलली की शिक्क्यासोबत तोही सुपूर्द. शक्य असेल तिथे सभेत दुसऱ्या एकाला सहहोस्ट करा. वीज काय फक्त दुसऱ्यांच्याच घरची जात नाही.

४. दाराला कडी आहे का ते बघा. एप्रिल २०२०मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचं सांगून सरकारी कामासाठी ते न वापरण्याची सूचना केली होती. सामान्य वापरणाऱ्यांना त्यात दिलेला सल्ला आजही कुठल्याही अ‍ॅपला लागू पडतो: पासवर्ड ठेवा, वेटिंग रूम (होस्ट आत घेईपर्यंत बाहेर थांबवणारी सोय) चालू करा, सगळे आले की मीटिंगला कुलूप लावा. आम्ही नावाआधी फ्लॅट नंबर लिहायला सांगतो. "रेडमी नोट" नावाने कुणी दार ठोठावलं तर आत घेत नाही, मग तो चेअरमनचा भाऊ का असेना.

रेकॉर्डिंग हवं असेल तर आधीच तपासा. मीटच्या मोफत खात्यात ती सोय नाही. झूमच्या मोफत खात्यात आहे, पण होस्ट कॉम्प्युटरवर असेल तरच. आणि रेकॉर्ड करताय हे सगळ्यांना सांगून करा.

५. नेटचा हिशोब. कॅमेरा चालू ठेवला तर तासाला पाचशे एमबी ते एक जीबी सहज जातो. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर गावाकडून बसणाऱ्या मेंबरला हे परवडत नाही. नुसत्या आवाजाला मात्र तासाला पन्नास एमबीसुद्धा लागत नाहीत. म्हणून हजेरीपुरता कॅमेरा, मग बंद. ताळेबंद स्क्रीनवर दाखवला तरी फोनवर त्या मुंग्याच दिसतात. पीडीएफ दोन दिवस आधी ग्रुपवर टाका.

६. परदेशातल्या मेंबरची वेळ. पुण्यात रात्री ९ वाजता कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ असतात, हिवाळ्यात साडेसात. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. अ‍ॅपच्या कॅलेंडरमधून आमंत्रण पाठवलं तर प्रत्येकाला आपापली वेळ दिसते. निव्वळ व्हॉट्सअ‍ॅपवर "रात्री ९" लिहिलंत तर एकजण तरी तासभर उशिरा येणार.

७. सभेच्या आदल्या दिवशी दहा मिनिटांची तालीम घ्या. फक्त तीन गोष्टी करून घ्या: आत येणं, माइक बंद-चालू करणं, हात वर करणं. याच वेळी एक चाचणी हटकून करा. एकाच घरात नवरा-बायको दोन फोनवरून बसले की आवाज घुमतो, शिट्टी वाजते आणि सगळे मिळून अ‍ॅपला शिव्या देतात. एकाच्या फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद केले की प्रश्न मिटतो. तळमजल्यावर दहाजण एकत्र बसणार असतील तर तिथेही माइक एकच, मधोमध ठेवलेल्या लॅपटॉपचा. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकू तिथेच येऊन बसतात, लॅपटॉपच्या अगदी समोर.