रॅगडॉलला उभे करताना या चुका टाळा

रॅगडॉल म्हणजे भौतिकशास्त्राच्या नियमांनी हलणारे, सांध्यांनी जोडलेले गेममधले पात्र. युनिटी या गेम इंजिनच्या रॅगडॉल विझार्डने पात्राला रिजिडबॉडी (वजन असलेले घन भाग) आणि जॉइंट (सांधे) लावून दिले की ते व्यवस्थित कोसळते. अडचण सुरू होते ती त्याच पात्राने तोल सांभाळावा आणि धक्का खाऊन पुन्हा आपल्या चालीवर यावे, अशी अपेक्षा ठेवल्यावर. हातपाय थरथरू लागतात, मग बहुतेक जण सांध्याला ठरलेल्या कोनाकडे ओढणाऱ्या स्प्रिंगचा ताठरपणा वाढवतात, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग १.५ किलो वजनाचा, ०.२५ मीटर लांबीचा दांडा आहे असे धरले, तर कोपराभोवती त्याचे जडत्व आघूर्ण (फिरवण्याला होणारा विरोध) सुमारे ०.०३१ किलोग्रॅम-मीटर वर्ग येते. फिक्स्ड टाइमस्टेप, म्हणजे फिजिक्सच्या दोन पायऱ्यांमधला वेळ, मुळात ०.०२ सेकंद असतो. अशा वेळी कोनातील फरकाला स्थिरांकाने गुणून स्क्रिप्टमधून टॉर्क (फिरवणारे बल) दिला, तर तो स्थिरांक सुमारे ३१२ न्यूटन-मीटर प्रति रेडियनच्या पुढे जाताच झोके दर पायरीला वाढत जातात. डॅम्पिंग (वेगाला विरोध करून झोके शमवणारे बल) घातल्याने ही मर्यादा वाढेल असे वाटते, परंतु तेही स्क्रिप्टमधूनच दिले जात असल्यामुळे झोके पूर्ण थांबवण्याइतके डॅम्पिंग ठेवल्यास ती उलट सुमारे ५३ पर्यंत खाली येते. टाइमस्टेप निम्मा केल्यास ती चौपट होते; त्याहून चांगला उपाय म्हणजे जॉइंटचा स्वतःचा ड्राइव्ह (सांध्याला लक्ष्य कोनाकडे नेणारी अंगभूत सोय) वापरणे, कारण त्याचे गणित सॉल्व्हरच्या, म्हणजे सर्व जॉइंटची समीकरणे एकत्र सोडवणाऱ्या फिजिक्सच्या भागाच्या, आत सोडवले जाते.

त्यासाठी विझार्डने लावलेले कॅरेक्टर जॉइंट काढून कॉन्फिगरेबल जॉइंट लावावे लागतात. अॅनिमेटर (अॅनिमेशन चालवणारा घटक) त्याच हाडांवर चालू ठेवू नये, कारण तो दर फ्रेमला हाडांची स्थिती परस्पर बदलतो आणि फिजिक्सची मेहनत वाया जाते. अॅनिमेशन एका अदृश्य सांगाड्यावर चालवावे आणि दृश्य सांगाड्याने त्याचे अनुकरण करावे. इथे हात उलटे पिळले गेले, तर जॉइंटच्या टार्गेट रोटेशनमध्ये (ड्राइव्हने गाठायच्या कोनात) अदृश्य हाडाचे लोकल रोटेशन (पालक हाडाच्या सापेक्ष कोन) जसेच्या तसे भरले आहे का, ते पाहावे. हे मूल्य सुरुवातीच्या स्थितीच्या सापेक्ष असते, म्हणून जॉइंटचे अक्ष मूळचेच असतील तर लक्ष्य रोटेशनचा व्यस्त घेऊन त्याला सुरुवातीच्या रोटेशनने गुणावे.

जोडलेल्या दोन भागांच्या वजनांत दहापटीचा फरक पडू देऊ नये. हलक्या पंजाला जड हातोडा जोडणे हे याचे नेहमीचे उदाहरण. सॉल्व्हरच्या आवर्तनांची मूळ संख्या ६ असते, ती १२ ते २० केल्याने फरक पडतो. हाडांचे स्केल १ च राहू द्यावे. जोरदार ठोसा मंद वाटत असेल, तर कमाल कोनीय वेगाची मूळ मर्यादा वाढवावी.

थरथरीचे मूळ सापडत नसेल, तर गुरुत्वाकर्षण आणि सर्व ड्राइव्ह बंद करून पात्र हवेत सोडावे. तरीही ते हलत असेल, तर कोलायडर (टक्कर ओळखण्यासाठी भागांना दिलेले आकार) एकमेकांत घुसलेले असण्याची शक्यता मोठी असते, विशेषतः दोन मांड्यांचे. त्या थेट एकमेकींना जोडलेल्या नसल्याने त्यांची टक्कर आपोआप बंद होत नाही, ती स्वतः बंद करावी लागते.