देशेन शोधताना मिव्हिल सापडले

सासूबाई क्वेबेकच्या, माहेरच्या देशेन. त्यांच्या घराण्याचा माग काढताना अठराव्या शतकात गाडी अडली. अलीकडे देशेनच देशेन, पलीकडे कुणीच नाही! दोन महिने मी स्पेलिंगशी झटत बसले. घोळ तिथे नव्हताच. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीत, आडनावाला 'दी' लावून दुसरं नाव जोडत, आपल्या 'ऊर्फ'सारखं. पुढच्या पिढ्या त्यातलं कुठलंही एक उचलत.

मग जन्मनोंदी सोडल्या, लग्नाच्या धरल्या. चर्चच्या लग्ननोंदीत सहसा दोघांचेही आईवडील सापडतात, आणि बाई माहेरच्याच नावानं. (आपल्या वंशावळीत सुनांची माहेरं शोधून बघा जरा.) माँट्रियल विद्यापीठाच्या डेटाबेसमध्ये एकट्या आडनावाऐवजी नवरा-बायकोची जोडी टाकत गेले. एकेक लग्न मागे सरकत १६६९ गाठलं: जाक मिव्हिल दी देशेन आणि कातरीन द बायाँ. ही कातरीन 'राजाच्या मुलीं'पैकी. १६६३ ते १६७३ या काळात सरकारी खर्चानं वसाहतीत लग्नासाठी आणलेल्या मुलींना हे नाव पडलं.

जाकचे वडील पिएर मात्र मूळचे स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर्गचे. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.