लिंबू दोनदा: ग्रीक पद्धतीचं मॅरिनेड आणि त्याच्या जोडीचा घरगुती स्वयंपाक

ग्रीक स्वयंपाकघरातल्या साध्या मॅरिनेडमध्ये मोजून सहा जिन्नस असतात: ऑलिव्ह तेल, लिंबू, लसूण, ऑरेगॅनो, मिरी आणि मीठ. चिकन लावून ठेवायचं म्हणजे दहा-बारा जिन्नसांचं वाटण, ही आपल्या हाताची सवय. त्यामुळे एवढ्यावर चव कशी येणार, असं वाटून आपण त्यात चमचाभर तिखट किंवा आलं-लसणाची पेस्ट टाकून मोकळे होतो. निदान पहिल्या वेळी तरी तसं करू नका. या पदार्थाची चव क्रमातून आणि वेळेतून येते, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लिंबू दोनदा वापरायचं. थोडं आधी, जास्त नंतर.

सामान आणताना

ऑलिव्ह तेल एक्स्ट्रा व्हर्जिन घ्या. लेबलवर ‘पोमेस’ लिहिलेलं असेल तर ती बाटली परत ठेवा. फळं दाबून पहिलं तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून ते निघतं, आणि त्याला ऑलिव्हचा वास जवळजवळ नसतो. इथे तर तेल हाच मसाला आहे.

ऑरेगॅनोला ग्रीसमध्ये ‘रीगानी’ म्हणतात. तिथे डोंगरउतारावरची ही झुडपं फुलांसकट कापून, जुड्या बांधून वाळवतात, आणि स्वयंपाकात वाळलेलाच वापरतात. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीत बऱ्याचदा मीठ, मिरची, लसणाची पूड मिसळलेली असते, ती इथे चालणार नाही. फक्त ऑरेगॅनो असलेली बाटली घ्या आणि टाकताना तळहातावर चोळून टाका. चोळल्याचा वास घेऊन बघा, ओव्याची आठवण येईल. आपल्या कुंडीतल्या पानओव्याशी तर त्याचं नातं आणखी जवळचं, कारण दोघांच्या वासात कार्व्हाक्रॉल हे एकच द्रव्य असतं. ऑरेगॅनो मिळालाच नाही तर पानओव्याची तीन-चार पानं अगदी बारीक चिरून घाला. चव हुबेहूब येणार नाही, पण त्याच वाटेवरची येईल.

लिंबाचं मात्र सांभाळा. ग्रीसमधलं लिंबू मोठं, पिवळं, जाड सालीचं आणि सुवासिक असतं. आपलं कागदी लिंबू जिभेला जास्त धारदार लागतं. म्हणून ग्रीक पाककृतीत दोन चमचे रस सांगितला असेल तर कागदी लिंबाचा दीड चमचा पुरतो.

चिकन सुवलाकी: मुरवणं

सुवलाकी म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे छोटे तुकडे. सांतोरिनी बेटावरच्या आक्रोतिरी इथल्या उत्खननात सळया टेकवायचे दगडी आधार सापडले आहेत, सुमारे ३६०० वर्षांपूर्वीचे. ग्रीसमध्ये सुवलाकीला बहुतेक वेळा डुकराचं मांस वापरतात, पण चिकनचीही सर्रास मिळते. इथे चार जणांसाठी ५०० ग्रॅम बोनलेस चिकन घेऊ. शक्यतो मांडीचं घ्या, छातीचं पटकन कोरडं पडतं.

१. तुकडे साधारण ३ सेंटीमीटरचे करा, सगळे सारख्या आकाराचे. चिकन कापडाने किंवा कागदाने कोरडं टिपून घ्या.

२. आधी फक्त मीठ चोळा, सपाट एक छोटा चमचा. पंधरा मिनिटं थांबा. मॅरिनेडमधलं मीठ तेवढं मांसात आतपर्यंत जातं. लसूण, ऑरेगॅनो, लिंबू हे सगळं वरच्या काही मिलीमीटरमध्येच राहतं. तुकडे लहान करायचे ते यासाठीच.

३. मग तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, लसणाच्या तीन पाकळ्या ठेचून, एक छोटा चमचा ऑरेगॅनो, अर्धा चमचा भरडलेली मिरी आणि फक्त दोन छोटे चमचे लिंबाचा रस घालून हाताने चोळा.

४. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, लिंबाने त्याची चव पदार्थात उतरते. दोन ते चार तास पुरतात. थंडीने तेल गोठून वर पांढरट दिसेल, त्याने काही बिघडत नाही.

रात्रभर ठेवलं तर अजून मुरेल, हा हिशेब इथे चालत नाही. मी एकदा भरपूर लिंबू पिळून चिकन सकाळपर्यंत ठेवलं होतं. तुकडे बाहेरून पांढरे पडले, आणि भाजल्यावर वरचा थर पिठूळ लागला, आत मात्र काहीच चव नव्हती. आम्ल मांसातली प्रथिनं बाहेरूनच ‘शिजवत’ जातं, म्हणून मुरताना लिंबू कमी.

भाजणं

कोळशाची शेगडी असेल तर उत्तमच. नसेल तर बिडाचा तवा घ्या, पातळ नॉनस्टिकवर तो रंग येत नाही. लाकडी काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा. चिकन वीस मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढा, काड्यांना लावताना तुकडे एकमेकांना चिकटवून दाबू नका, आणि लसणाचे चिकटलेले कण पुसून टाका. हे पुसणं टाळू नका. लसूण आधी जळतो आणि सगळ्याला कडू करतो.

तवा चांगला तापू द्या. काड्या ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं हलवू नका. मांस स्वतःहून सुटायला लागलं की उलटा. मग आच मध्यम करून फिरवत राहा, एकूण दहा ते बारा मिनिटं. एक तुकडा कापून बघा: आत गुलाबी दिसता कामा नये, रस स्वच्छ असावा. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस. एखादी कड काळी पडलीच तर ती कापून टाका, ती चवीलाही वाईट आणि तब्येतीलाही.

भांड्यात उरलेलं मॅरिनेड कच्च्या चिकनचं आहे, ते वरून ओतू नका.

आता दुसरं लिंबू. वाटीत दीड मोठा चमचा ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि ऑरेगॅनो फेटून घ्या. चिकन ताटात काढल्या काढल्या, गरम असतानाच, हे वर घाला आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. आच न लागलेलं लिंबू आणि कच्चं तेल गरम मांसावर पडलं की जो वास सुटतो, तो मुरवण्यातून कधीच येत नाही.

मासळीच्या बाबतीत ग्रीक लोक याच टप्प्यावर सगळी भिस्त ठेवतात. मासा मीठ-तेल लावून भाजायचा आणि वरून ‘लादोलेमोनो’, म्हणजे तीन भाग तेल आणि एक भाग लिंबू, झाकणाच्या बाटलीत जोरात हलवून दाटसर केलेलं. सुरमई, रावस यांना हे सुंदर लागतं. लिंबू आधी लावायचंच असेल तर वीस मिनिटांपलीकडे नको.

जझिकी

जझिकी म्हणजे घट्ट दह्यातली काकडी-लसणाची ग्रीक कोशिंबीर. यासाठी लागणारं मुख्य कसब आपल्याला येतंच: चक्का. श्रीखंडाला बांधतो तसं अर्धा किलो दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगा, पण गोड नव्हे, जरा आंबट दही घ्या. एक काकडी किसून, मीठ लावून, दहा मिनिटांनी घट्ट पिळा. पाणी राहिलं तर जझिकी तासाभरात सैल होते. चक्क्यात काकडी, लसणाची एक पाकळी अगदी बारीक वाटून, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, एक छोटा चमचा व्हिनेगर आणि बारीक चिरलेला शेपू घाला. साखर नाही, दाण्याचा कूट नाही, फोडणी नाही. फ्रीजमध्ये तासभर ठेवल्यावर लसूण दह्यात विरघळतो, तेव्हा वाढा.

रोजच्या जेवणासाठी फासोलाकिया

‘ग्रीक जेवण आरोग्याला चांगलं’ असं म्हणतात ते सुवलाकीमुळे नाही. १९५८ मध्ये ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीट बेटावरच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण फारच कमी आढळलं. त्या काळी त्या गावांत ताटात भाज्या, रानपाला, कडधान्यं, फळं, पाव आणि ऑलिव्ह तेल असायचं. मांस क्वचितच. शिवाय ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षात खूप, त्यामुळे तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक पूर्ण प्रकारच तयार झाला: ‘लादेरा’. फासोलाकिया म्हणजे त्यातलीच फरसबीची भाजी. म्हणून चिकन जमलं की लगेच ही भाजी शिका.

अर्धा किलो फरसबीच्या शिरा काढा, लांब तशीच ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात पाऊण वाटी ऑलिव्ह तेलाच्या निम्म्यात दोन कांदे मंद आचेवर मऊ करा, तांबूस नको. लसूण, तीन पिकलेले टोमॅटो किसून, एका बटाट्याच्या जाड फोडी, फरसबी, मीठ, मिरी आणि अर्धी वाटी पाणी घाला. झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. कुकर नको. फरसबी करकरीत राहावी असं आपल्याला वाटतं, इथे ती पूर्ण मऊ व्हायला हवी. पाणी आटून तेलाचा रस्सा उरला की गॅस बंद करून उरलेलं तेल वर घाला. तेल भरपूर आहे, हे खरं, आणि एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात. म्हणून ही भाजी तोंडीलावणं नाही, हेच जेवण, सोबत पाव आणि थोडं खारं चीज.

गरम वाढू नका. कोमट झाली की चव उघडते, दुसऱ्या दिवशी अजून छान लागते. फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवा, पुन्हा तापवायची गरज नाही.